कोरांटीचं गिऱ्हाईक

"आठ दिवस पाणी नाई घातलं तर मरते का?" नीलमनं विचारलं.

"कोरांटी? हट्!" चंद्रभानजी उखडलेच. "मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत उभी राह्यते ते. पावसाळा सरला का पुन्हा फुलावर. दर वर्षी! नवी रोपं आणायचं कामच नाई."

बोलताना त्यांचा आवाज चढला. चढणारच! मोर्शी रोडवरच्या या नर्सरीत फक्त देशी, वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं ठेवायची, असा हट्ट धरून चार वर्षं झाली होती. आणि अमरावतीकर येत ते गुलाब नाहीतर पिटुनिया मागत. बायको गेल्यापासून साठीचे चंद्रभानजी या रोपांशीच बोलत. पुण्याहून मुलाचा, अंकुरचा, एकच धोशा: बाबा, एकट्यानं कुठवर? शेवटी बापलेकांचं ठरलं. आजचं गिऱ्हाईक जमलं तर अमरावती, नाहीतर नर्सरी बंद आणि पुणे.

गिऱ्हाईकही अंकुरनंच पाठवलेलं. "पूर्ण बागेचं काम हाये. दाढी करून बसा," असं त्यानं सकाळी फोनवर बजावलं होतं.

"आईसाठी पाह्यजे," नीलम म्हणाली. "फाटकापाशी ऑटोत बसली हाये ती."

"मंग बोलाव न बेटा त्याईले! कावून बसवलं तिथं?"

"आधी मी पाहून घेते सगळं."

चोखंदळ पोरगी! चंद्रभानजींना हुरूप आला. त्यांनी मेळघाटातली लाल तुऱ्यांची धायटी दाखवली, सावलीत फुलणारी आबोली दाखवली. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून मुरूम घालून वाफा उंच कसा करायचा, ते उकिडवं बसून हातानं करून दाखवलं. पोरगी कान देऊन ऐकत होती.

मागे सरताना तिचा धक्का लागला आणि जुईची कुंडी खळ्ळकन फुटली. दोन वर्षं वाढवलेला वेल होता.

"पायाले लागलं का?" चंद्रभानजी धावले. "राहू दे, राहू दे. कुंडीच त होती. जुई दुसरीत लावू."

नीलमनं त्यांना नीट निरखलं. मग म्हणाली, "काका, चहा भेटन का?"

त्यांनी कप विसळले, आलं ठेचलं आणि स्वतःच चहा टाकला.

"बाबा लवकर गेले. आईनं आयुष्यभर दुसऱ्याइचंच केलं," चहा पिताना नीलम म्हणाली. "आता जास्त उस्तवार तिच्याच्यानं होत नाई."

"म्हणून त हे झाडं! पयलं वर्षभर जीव लावा, पाणी द्या. मंग ते तुमाले काही मागत नाईत. नुसते फुलतात."

नीलमनं कप खाली ठेवला. हसली. "जमलं काका."

जमलं! चंद्रभानजींना नाचावंसं वाटलं. गेलं पुणे खड्ड्यात! त्यांनी घाईघाईनं वही ओढली. "कोरांटी वीस, आबोली वीस... सकाळीच गाडी पाठवतो. अंगण केवढं हाये तुमचं?"

"अंगण? आमी बडनेऱ्याले फ्लॅटमदी राह्यतो. तिसरा माळा. साधी गॅलरीबी नाई."

चंद्रभानजींची पेन्सिल थांबली. "मंग बाग?"

फाटकाकडे वळून नीलमनं खणखणीत हाक मारली.

"आई, उतर खाली! पोरगा पसंत हाये मले!"