निम्मेच किरण
डॉक्टरीणबाईंनी हात आखडता घेतला, असं गोदाक्का वॉर्डभर सांगत सुटल्या होत्या. त्यांच्या सदोबाच्या घशातला कॅन्सर विषाणूचा. यंत्र रोज त्याच्या रक्तात विषाणू शोधायचं, मगच किरण सोडायचं. पण निम्म्यातच ते आपणहून थांबलं.

"विषाणूचा मागमूसच उरला नाही, आक्का," राउंडला आलेली डॉक्टरीण म्हणाली.

"म्हणजे पोराला अर्धवट सोडता?"

मालकांना त्या काळी याच दुखण्यात पुरते किरण दिले होते. ते वाचले, पण जीभ मेली. शेवटपर्यंत चव कळली नाही. म्हणून लेकाच्या पेजेतही गोदाक्कांनी मीठ घातलं नव्हतं. मेल्या जिभेला मीठ कशाला?

सदोबाने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "आई, अळणी आहे गं!"

गोदाक्का डॉक्टरणीकडे वळल्या.

"पोरी, आमच्या मालकांच्या वेळी कुठं मेली होतीस?"