रविवारच्या खुणा

दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट लोसालिनी हिने व्यायामाचा कागद खिडकीच्या उजेडात धरला. पाच महिन्यांचे रकाने, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण. सगळ्या हिरव्या शाईतल्या, सगळ्यांचा कल एकच. घामाने पुसट झालेली एकही नाही.

"एकही दिवस व्यायाम चुकला नाही?"

"एकही नाही," इलैसा म्हणाला.

तिने विचारलं होतं सैरुसीला. तो बाकावर पाय पसरून बसला होता. बावीस वर्षांचा, दाराएवढा रुंद, डाव्या गुडघ्यावर ऑपरेशनचा व्रण. इलैसा त्याचा सख्खा मामा आणि गावच्या रग्बी संघाचा कर्ताधर्ता. आल्या आल्या त्याने टेबलावर यांगोनाच्या, मानाचं पेय करतात त्या मुळ्यांची जुडी ठेवली होती, वर्तमानपत्रात बांधून. तिला हात लावला की आणणाऱ्याची मागणी मान्य केली, असा अर्थ. लोसालिनीने आपला चहाचा कपसुद्धा त्या जुडीपासून लांब सरकवला.

मागणी एका ओळीची होती. शनिवारी अंतिम सामना, फ्रान्सच्या एका क्लबचा माणूस पोरगा बघायला येणार, तेव्हा पोरगा खेळायला तयार आहे एवढं तिने लिहून द्यायचं. सूवा शहरातल्या सर्जनने ऑपरेशननंतर कमीत कमी नऊ महिने थांबायला सांगितलं होतं, तेही व्यायाम नीट केला तर. इलैसाचं म्हणणं, सर्जनला कापायचं कळतं, खेळायचं नाही. आणि पोराला आता दुखतही नाही.

"दुखत नाही म्हणूनच तर भीती आहे, मामा. आत बसवलेलं लिगामेंट अजून कच्चं आहे. पळताना एकदा वळला की तुटेल. दुसऱ्यांदा शिवलेला गुडघा बघायला फ्रान्सहून कुणी येत नसतं."

त्यावर इलैसाने तिचं माहेर कुठलं ते विचारलं. त्याला ठाऊक होतं. नदीपलीकडचं. शनिवारचा सामना कुणाशी आहे हेही दोघांना ठाऊक होतं.

"भावांनी सांगितलं असेल," तो म्हणाला, "बसवून ठेव म्हणून."

लोसालिनीने खण उघडला. टेप काढली. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांच्या वर सारखंच अंतर मोजून खूण केली आणि मांड्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटरने बारीक भरली. पाच महिने रोज व्यायाम केलेली मांडी अशी नसते. पण तिला ते सैरुसीच्या तोंडून हवं होतं. तिने कागदावर बोट ठेवलं.

"हा रविवार. हाही रविवार. आणि हाही. तुमच्या गावात रविवारी दोरीवर कपडा घातला तरी पाद्रीबाबा जाब विचारायला दारात येऊन उभा राहतो. आणि तू मैदानात बैठका मारत होतास?"

"घरात मारायचा," इलैसा म्हणाला. "दार लावून."

"मी त्याला विचारतेय."

सैरुसीने आधी मामाकडे पाहिलं, मग कागदाकडे. "हा कागद मी आज पहिल्यांदा बघतोय," तो म्हणाला.

मग एकेक बाहेर आलं. कागद पहिल्या दिवसापासून मामाच्या खिशात होता. तपासणीच्या दोन तारखा गेल्या, तेव्हा मामाने सांगितलं की दवाखान्यातूनच नको म्हणालेत, सगळं ठीक आहे. तिसऱ्या महिन्यात त्याने पोराला संघाबरोबर पळायला लावलं. गुडघा एकाचा, आणि त्याच्यावर अख्खं गाव चढून बसलेलं.

इलैसाला काही लाज वाटली नाही. तो हसला.

"वासू आहे हा माझा, बहिणीचा पोरगा. माझी होडी नेली, डुक्कर नेलं, कधी विचारलं? भाच्याने मागायचं नसतं, उचलायचं. मामाने नाही म्हणायचं नसतं. बापजाद्यांची रीत आहे, पाळली मी. आता मी जन्मात एकदा याचा एक शनिवार मागितला, तर तुमच्या पोटात का दुखतंय, बाई?"

लोसालिनीने सही केली नाही. खणातून व्यायामाचा नवा कोरा कागद काढून सैरुसीपुढे धरला. इलैसाचा हात आधी पोचला. त्याने कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात खोचली. तिथे एक हिरवं पेन होतं.

"म्हणजे रविवार कोरे सोडायचे, एवढंच ना?" तो म्हणाला. जुडी उचलून त्याने काखेत मारली. सूवाला दुसरे डॉक्टर आहेत, असं तो दाराला सांगितल्यासारखा बोलला.

सैरुसी उठला. बाकाला धरून, सगळा भार चांगल्या पायावर टाकत. मामाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि न विचारता त्याच्या खिशात हात घातला. कागद काढला. मग पेनही काढलं.

इलैसाचा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

लोसालिनी टेप गुंडाळत दोघांकडे पाहत होती.

"बुधवारी ये," ती सैरुसीला म्हणाली. "एकटा. आणि खुणा केल्यास काय, नाही केल्यास काय. मी मांडी मोजणार आहे."