द्रौपदीच्या मनगटावरचा चट्टा

“आजपासून तुझा चहाचा कप वेगळा,” नीलम सामंत म्हणाली. तिची नजर द्रौपदीच्या मनगटावरच्या लाल चट्ट्यावर होती.

द्रौपदी आठ महिन्यांपासून मुलुंडच्या या चौदाव्या मजल्यावर धुणंभांडी करायला विक्रोळीहून यायची. नीलमच्या मते गजकर्ण व्हावं ते चाळीतल्या लोकांना. शिकल्यासवरल्या माणसाला फार तर घामोळं येतं. तिला स्वतःला परकराच्या नाडीखाली तीन वर्षं खाज यायची, पण ते घामाचं. केमिस्टकडची ट्यूब चार दिवस लावली की जायचं, महिन्याभराने परत यायचं. हल्ली तेही जाईना, तेव्हा तिने त्याचं खापर द्रौपदीच्या माथी फोडलं.

खरी काळजी वेगळीच होती. तिच्या एकुलत्या लेकीला, अक्षताला, नववा लागला होता. बाळंतीण इस्पितळातून थेट माहेरी येणार आणि नातवंडाला पायांवर घेऊन तेल लावणार, अंघोळ घालणार ती आजी. त्यासाठी नीलमने नवा पाटसुद्धा आणून ठेवला होता. अशा घरात ही घाण कशाला?

म्हणून ती द्रौपदीला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. लागण कुठून झाली ते कागदावर यावं म्हणून तिने स्वतःचीही कंबर दाखवली. बाईंनी दोघींची कातडी खरवडून तपासायला पाठवली आणि बराच वेळ समजावत बसल्या. मनानेच मलम लावायचं, बरं वाटलं की सोडायचं, अशाने गजकर्णाची बुरशी कोडगी होते. शेतातही तेच, द्राक्षांवर तसलीच औषधं फवारून फवारून तिकडची बुरशीही निर्ढावली आहे. मग पुढे गोळ्याही चालेनाशा होतात.

नीलमने द्रौपदीला कोपराने ढोसलं. “कळतंय का काही?”

“कळतंय ताई,” द्रौपदी म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी नीलमने तिला कामावरून काढून टाकलं.

महिन्याभराने दोन्ही रिपोर्ट आले तेव्हा नातू पाच दिवसांचा होता. नीलमने ते वाचायची तसदी घेतली नाही. त्यात काय असणार, हे तिला ठाऊकच होतं. तिने फोटो काढून अक्षताला पाठवले आणि खाली लिहिलं, ‘बघ तुझ्या लाडक्या द्रौपदीमावशीचे प्रताप. तिला कधीच हाकलली. आता बाळाला घेऊन बिनघोर ये.’

अर्ध्या तासाने अक्षताचा फोन आला.

“आई, मावशींना बुरशी नाहीच आहे. भांड्यांच्या साबणाने हात उतला होता त्यांचा. तुझ्या बुरशीला मात्र नेहमीची एकही गोळी लागू पडत नाहीये.”

रिपोर्टांची अदलाबदल झाली असेल, त्या लॅबवाल्यांना काय अक्कल, असं नीलम म्हणाली.

“नावं नीट बघितली मी. मग मावशींशी बोलले. तुझी भांडी सुटली तसा त्यांचा हात बराही झाला. मी इथेच सासरी राहतेय, बोरिवलीला. उद्यापासून बाळाला अंघोळ घालायला त्या येताहेत.”