मधल्या जागेची माया

“सगळं पुसावं लागणार, ताई,” कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. “विंडोज पार गेलंय. नवीन टाकतो, पण आतलं काही उरणार नाही.”

काजं करायच्या मशीनवर बसलेल्या तिच्या नणंदेचा पाय थांबला. “अगं बाई! बारा वर्षांचे पॅटर्न?”

मास्टरबाई जागची हलली नाही. अख्खी गल्ली तिला याच नावानं हाक मारायची. ज्यांना तयार कपडे कुठेच बसत नाहीत अशी माणसं तिच्याकडे येत. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणी पाठीत वाकलेलं, कुणाचा हात आखूड. मापं काय, पुन्हा घेता येतात. पण चार-चारदा उसवून एकदाचा अंगावर बसलेला कोट, त्याचा पॅटर्न पुन्हा कुठून आणायचा? ते सगळे या डबड्यात होते.

“सगळं नाही, नुसता सी ड्राइव्ह पुसा,” ती म्हणाली. “माझे पॅटर्न डीमध्ये आहेत.”

“डी? यात डी कुणी केला?”

“मी.”

त्यानं नणंदेकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” नणंद म्हणाली. “ही बया आठवडाभर जेवतानासुद्धा तेच घोकत होती. एकच डिस्क, तिचे दोन तुकडे. एकाला डाग पडला तरी दुसरा कोरा. डोकं उठवलं होतं माझं!”

दुरुस्तीवाल्यानं पेन ड्राइव्ह खोचला. पडद्यावर डिस्कचे भाग एकाखाली एक उमटले आणि तो पुढे झुकला. सी आणि डी यांच्या मध्ये वीस जीबी कुणाच्याच नावावर नव्हते.

“हे बघा. एवढी जागा फुकट घालवलीत. शिकाऊ माणसाचं असंच होतं.”

“मुद्दाम सोडलीय. माया ठेवलीय ती. शिवणीत आत दुमडून कापड ठेवतो ना, तशी. उद्या अंग सुटलं तर उसवून वाढवता येतं.”

तो खो खो हसला. हसत हसतच त्यानं सी पुसला आणि नवीन विंडोज टाकायला घेतलं. पडद्यानं साफ नकार दिला. जागा अपुरी.

“झालं! जुन्या मापाचा सी, नव्या विंडोजला पुरतोय कुठला? आता डी उडवल्याशिवाय इलाज नाही.” आणि त्याचा बाण डीवरून डिलीटकडे निघालासुद्धा.

“हात काढा!”

मास्टरबाईचा एवढा आवाज त्या खोलीनं कधी ऐकला नव्हता. तिनं माउस ओढून घेतला. तिनं सी निवडला. एक्स्टेंड दाबलं. किती वाढवायचा, असं विचारलं गेलं. तिनं मधली सगळी जागा देऊन टाकली.

सी वाढला. डीला धक्कासुद्धा लागला नाही.

अर्ध्या तासानं नवंकोरं विंडोज उघडलं. मास्टरबाईनं डी उघडला. उतरता खांदा. वाकलेली पाठ, करडा कोट. डावा हात आखूड. एकूण एक पॅटर्न जागच्या जागी.

“जिंकलीस गं वहिनी!” नणंद ओरडली. आणि मास्टरबाईला इतका आनंद झाला, इतका, की तिनं दोन्ही हात धाडकन टेबलावर आपटले. टाचण्यांची डबी उडाली, टाचण्या खोलीभर झाल्या.

दुरुस्तीवाला त्या वेचायला खाली बसला. बराच वेळ वेचत राहिला. मग उठला आणि बॅगेतून स्वतःचा लॅपटॉप काढून त्यानं हळूच टेबलावर ठेवला.

“ताई, माझं पण... सगळं सीमध्येच आहे. पोरीचे जन्मापासूनचे फोटो आहेत हो त्यात.”

मास्टरबाईनं शेजारची खुर्ची ओढली.

“बसा,” ती म्हणाली. “आधी माप घेऊ.”