कच्चा टाका

वर्दी शिवण्यात माझी हयात गेली. तरुण अधिकाऱ्यांच्या खांद्यावरचे कापडी तारे मी कच्च्या टाक्यावरच लावतो. बढती झाली की ते उसवून नव्या ताऱ्याला जागा करावी लागते. एका कोवळ्या साहेबाचे दोन तारे लावले तेव्हा म्हणालो, "तिसरा घेऊन लवकर या, साहेब." "कात्रीला धार लावून ठेवा, मास्तर!" तो हसला. तो लढाईत मारला गेला. काल त्याच्या सामानाची पेटी घरी पोचली. आज त्याची आई वर्दी घेऊन दुकानात आली. एक तारा गळून पडला होता. "भिंतीवर काचेत लावायचीय," एवढंच बोलली. मी मान खाली घालून तारा लावला. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि तारा हलला. सवयीनं हातून पुन्हा कच्चाच टाका पडला होता. तिनं वर्दी हळूच माझ्यासमोर सरकवली. "मास्तर, आता पक्का शिवा."