तळघर नसलेलं हॉस्पिटल

“जनरेटर गच्चीवर नेताय ते ठीक. पण डिझेल कुठे ठेवणार?”

आर्किटेक्ट बाईंनी नकाशावरून मान वर केली. बांधकामाच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. शर्टाला कडक इस्त्री, बुटांना चिखल.

“टाकी खालीच राहणार,” सुपरवायझर म्हणाला. “तुम्ही कोण?”

“म्हणजे पूर आला की जनरेटर कोरडा आणि डिझेल पाण्याखाली.”

सुपरवायझर त्यांना बाहेर काढायला निघाला, पण बाईंनी हातानेच थांबवलं. त्या गृहस्थांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग नकाशातल्या टाकीवर लाल फुली मारली आणि एक हेल्मेट त्यांच्यापुढे धरलं.

“काका, रोज येत जा.”

पाच वर्षांपूर्वी याच जागेवरचं हॉस्पिटल पुरात सापडलं होतं. तळघरात पाणी शिरलं, जनरेटर बंद पडला आणि आयसीयूतले नऊ रुग्ण गेले. नव्या इमारतीला बाईंनी तळघर ठेवलंच नव्हतं. खाली नुसते खांब. पाण्याने यावं आणि निघून जावं. आयसीयू तिसऱ्या मजल्यावर.

काका खरंच रोज येऊ लागले. “बायको गेली त्यांची त्या पुरात,” सुपरवायझर छातीठोकपणे सांगायचा. एकदा तो थेट विचारायलाच निघाला, तर बाई म्हणाल्या, “नको. सांगायचं तेव्हा सांगतील.”

लिफ्ट बंद पडली तर रुग्णांना न्यायला रॅम्प होता. काकांनी एका गवंड्याला पलंगावर झोपवलं आणि पलंग वर ढकलायला लावला. दुसऱ्या वळणावर पलंग अडकला. तोवर गवंडी घोरत होता. बाई पोट धरून हसल्या आणि त्याच दिवशी नवी कोरी भिंत पाडून वळण रुंद केलं. सुपरवायझरने कपाळावर हात मारला. पण घरी जाऊन बायकोला म्हणाला, “चूक दाखवली की खूश होणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय.”

उन्हाळ्यात बाईंनी भर दुपारी वीज बंद करून पाहिली. बाहेर अंगाची लाही लाही होत होती. वॉर्डात समोरासमोरच्या खिडक्या, त्यांवर रुंद छज्जे. वारा आरपार जात होता. तासाभराने पाहणीला आलेल्या मोठ्या सिस्टर खुर्चीतच पेंगल्या. “पास!” काका कुजबुजले.

हॉस्पिटल सुरू झालं आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी आलं. मागच्या वेळेपेक्षा हातभर जास्त. दोन दिवस ते खांबांमधून वाहत राहिलं. वर एक दिवासुद्धा विझला नाही. रॅम्पवरून शेजारच्या वस्तीतली माणसं वर आली. एका बाईचं बाळंतपणही तिथेच पार पडलं.

पाणी ओसरल्यावर हॉस्पिटलने छोटा कार्यक्रम ठेवला. गेलेल्यांच्या नातेवाइकांच्या वतीने काकांनी दोन शब्द बोलावेत, असं डॉक्टरांनी सुचवलं. काकांनी बाईंना जिन्यापाशी बाजूला नेलं.

“माझं कुणीच गेलं नाही इथे,” ते म्हणाले. “जुन्या इमारतीचा नकाशा माझा होता. पावसाचे जुने आकडे धरून बसलो आणि जनरेटर तळघरात ठेवला.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी ओळखलं. चौकशीच्या वेळी पाहिलं होतं तुम्हाला.”

काकांनी कठडा घट्ट धरला. “मग हाकललं का नाहीत?”

“पाणी कुठून शिरतं, हे तुमच्याएवढं कोण रोज आठवत असणार?”

“आणि त्या नऊ घरांना कळलं, तर?”

आतून डॉक्टर नाव पुकारत होते. बाईंनी काकांचा हात धरला आणि सभागृहाकडे चालू लागल्या.

“आठ घरांचं मला नाही सांगता येणार, काका. नववं माझं. आई होती.”