अकराशे चाळीस वेळा

“शिव्या दिल्या असतील, पण नाव घेऊनच दिल्या ना? मग मोजायच्या,” साहेब म्हणाले आणि कपाटाच्या काचेत बघून टाय नीट करू लागले.

फाइल छातीशी धरून मोजणारी समोर उभी होती. कर्करोगावरच्या कुठल्या लेखाचा जगभरच्या संशोधकांनी किती वेळा उल्लेख केला ते मोजायचं आणि त्यावरून देशांचे नंबर लावायचे, हे त्या ऑफिसचं काम. उल्लेख वाचायचे मात्र नाहीत. वाचत बसलं तर मोजणार कधी? पण हिला नसती हौस. यंदा कुठल्याशा आडगावच्या डॉक्टरांच्या वीस वर्षं जुन्या लेखाने देशाला तेविसाव्या नंबरवरून अठराव्यावर नेलं होतं. अकराशे चाळीस उल्लेख! कौतुकाने तिने त्यातले दहा उघडले आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. दहाही जणांचं म्हणणं एकच. या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात हे इंजेक्शन कोणीही देऊ नका. पहिलं सोसतं. दुसऱ्याला हृदय बंद पडतं.

“पण साहेब, ते स्वतः येताहेत सत्काराला. त्यांना हे माहीत तरी असेल का?”

“नसेल तर आजच कशाला सांगतेस? सोमवारी मंत्री यादी जाहीर करणार आहेत. आणि तुला कायम करायचा कागद माझ्याच टेबलावर पडलाय, बाई. उगाच नाकाने कांदे सोलू नकोस.”

तेवढ्यात डॉक्टर आलेच. म्हातारे, इस्त्रीचा कोट खांद्यांवर सैल झालेला. मागून त्यांची बायको कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, भुवयांच्या जागी नुसती कातडी. दारात टेकून तिने दम खाल्ला.

“यांचा सत्कार आणि मी घरी बसू? शक्य तरी आहे का!” ती म्हणाली.

साहेबांनी दोघांना सोफ्यावर बसवलं. चहा आला, बिस्किटं आली. डॉक्टर नव्या जावयासारखे अवघडून बसले होते.

“खरं सांगू? मी तर हा लेख विसरूनच गेलो होतो,” ते म्हणाले. “लेख छापून आला आणि पुढे दोन-तीन पेशंट दगावले. मनात पाल चुकचुकली, ते इंजेक्शन बंदच करून टाकलं. लोक काय म्हणतात ते बघायला आमच्या दवाखान्यात परदेशी मासिकं येणार कुठून? मग हिलाच हे दुखणं निघालं. सगळे उपाय करून झाले. आणि गेल्या महिन्यात तुमचं पत्र आलं. अकराशे चाळीस! म्हटलं, जगाला पटलं ते मलाच पटू नये? मागच्या गुरुवारी पहिलं दिलं हिला.”

“आणि सोसलं हो मला,” बायको म्हणाली. “उद्या दुसरं.”

मोजणारीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहराही क्षणभर पडला. तेवढं तिने नक्की पाहिलं. मग ते उठले, तिच्या हातातली फाइल हलकेच काढून घेतली आणि तिथे फुलांचा गुच्छ दिला.

“हा धर. फाइल मी ठेवतो.”

त्यांनी फाइल खणात टाकली, खणाला कुलूप लावलं. फोटोवाला खुर्च्या सरकवू लागला. गुच्छ द्यायला मोजणारी वाकली, तशी बाईंनी तिचं मनगट धरलं. बोटं नुसती काटक्या झाली होती.

“तूच मोजलंस ना गं?” त्या हळूच म्हणाल्या. “इतक्या लोकांनी यांचं नाव घेतलं, चांगलंच म्हणत असतील ना? यांना कळू देऊ नकोस, पण मला उद्याची भीती वाटते बघ.”

एक शब्द पुरला असता. ‘नको’ एवढाच. मोजणारीने तोंड उघडलंही.

“सांग की काकूंना,” मागून साहेब म्हणाले. “किती वेळा?”

“अकराशे चाळीस,” ती म्हणाली. आकडा खरा होता. तिला स्वतःची शिसारी आली.

बाईंनी तिचं मनगट सोडलं. “मग झालं तर! एवढी माणसं काय खुळी आहेत?”

“आणि डॉक्टर, वहिनींची ही केसही लिहून काढा बरं का,” साहेब म्हणाले. “त्यात जुन्या लेखाचा उल्लेख आलाच. म्हणजे अकराशे एक्केचाळीस!”

सगळे हसले. बाई तर इतक्या हसल्या की डोक्यावरचा रुमाल घसरला. तो सावरून त्यांनी मोजणारीला हाताला धरून आपल्या शेजारी उभं केलं. फोटोवाल्याने हलू नका म्हणून सांगितलं.

“म्हणजे त्यातला एक माझा,” बाई कॅमेऱ्याकडे बघतच म्हणाल्या. “मोजताना विसरू नकोस हं, पोरी.”